४७,एक्सएक्सवाय : मनगटाच्या फ्रॅक्चरपासून जेलच्या बाटलीपर्यंत

२०२३ साली मुंबईत पाऊस लागला २५ जूनला. तीन दिवसांनी स्टेशनच्या ओल्या जिन्यावर पाय घसरला, हात टेकवला आणि डावं मनगट मोडलं. पडणं किरकोळ होतं, शेवटच्या दोन पायऱ्यांवरून. प्लास्टर घालताना हाडांच्या डॉक्टरांनी नेमकं तेच पकडलं. "एकोणतिसाव्या वर्षी एवढ्याशा पडण्याने हे हाड मोडायला नको," म्हणाले, आणि ड जीवनसत्त्व, कॅल्शियम, थायरॉइड आणि हाडांची घनता मोजणारा डेक्सा स्कॅन लिहून दिला.

त्या तपासण्यांतून पुढे कळलं की माझ्या गुणसूत्रांत एक जादा एक्स आहे : ४७,एक्सएक्सवाय, म्हणजे क्लाइनफेल्टर. तिथून जून २०२५ पर्यंत जे जे करावं लागलं ते इथे क्रमाने लिहिलंय. औषधांच्या मात्रा माझ्या डॉक्टरांनी माझे रिपोर्ट बघून ठरवलेल्या आहेत. अंदाज यावा म्हणून त्या दिल्यात, उचलून स्वतःवर वापरण्यासाठी नाहीत.

डेक्साला २,८०० रुपये लागले. दहा मिनिटं पाठीवर पडून राहायचं, अंगावर धातूचं काही ठेवायचं नाही, एवढंच. रिपोर्टमध्ये टी-स्कोअर आणि झेड-स्कोअर असे दोन आकडे येतात. पन्नाशीच्या आतल्या माणसाने झेड बघायचा. तो उणे २ किंवा त्याहून खाली असला, तर हाडांची घनता वयाच्या मानाने कमी. माझ्या कण्याचा आला उणे २.४. हा आकडा यंत्र काढतं ते फॉर्मवर भरलेल्या लिंगाच्या सरासरीशी तुलना करून. तेव्हा ते लक्षात आलं नव्हतं, पण पुढे त्याचा संबंध आला.

ड जीवनसत्त्व ११ होतं. आठवड्याला एक अशी ६०,००० युनिटची आठ पाकिटं दुधातून घेतली. डॉक्टर म्हणाले, ड जीवनसत्त्व तर अर्ध्या मुंबईचं कमी असतं, पण कणा एवढा पातळ व्हायला ते पुरेसं कारण नाही. हार्मोन बघा.

इथे पहिली टीप. टेस्टोस्टेरॉनची तपासणी सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान, उपाशीपोटी आणि दोन वेगवेगळ्या दिवशी करायची. दिवस चढतो तशी पातळी उतरते, खाल्ल्यावरही उतरते. दुपारी जेवून दिलेल्या रक्तावर कुणी निदान केलं तर त्याला अर्थ नाही. आणि त्याच नळीतून एफएसएच आणि एलएच, म्हणजे पिट्युटरीकडून वृषणांना कामाला लावणारी हार्मोन, करून घ्यायचे, नाहीतर बिघाड वृषणांच्या ग्रंथीत आहे की मेंदूतल्या पिट्युटरीत, हे कळत नाही आणि पुन्हा सुई टोचून घ्यावी लागते. माझं टेस्टोस्टेरॉन पहिल्यांदा २१४ आलं, दहा दिवसांनी १९८. प्रौढ पुरुषांत ते साधारण ३०० च्या वर असतं. एफएसएच ३८, एलएच २१, दोन्ही भरपूर चढलेले. म्हणजे वरून हाका चालू आहेत आणि खालून ओ येत नाही. सगळं पॅनेल दोनदा मिळून ५,४०० रुपये.

केस गळतात म्हणून बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर रक्त देण्याआधी काही दिवस बंद करा आणि लॅबला तसं सांगा. अनेक लॅबच्या हार्मोन चाचण्यांत बायोटिन घोळ घालतं. आकडे खोटे वर किंवा खाली जातात आणि कुणाच्या ध्यानातही येत नाही.

ऑगस्टमध्ये परळच्या एका महापालिका रुग्णालयाच्या एंडोक्राइन, म्हणजे हार्मोनच्या, ओपीडीत गेलो, मी आणि ताई. ही ओपीडी रोज नसते, वार ठरलेले असतात. आधी चौकशी न करता गेल्यामुळे आमची पहिली खेप वाया गेली. केसपेपरच्या खिडकीवर पुरुषांची रांग वेगळी आणि बायकांची वेगळी. ताई बायकांच्या रांगेत उभी राहून माझा पेपर काढून आली. तिची रांग छोटी होती, एवढंच कारण. जाता जाता एक सांगायला हवं. मराठीत "मी गेलो" की "मी गेले" हे ठरवल्याशिवाय साधं वाक्य पुरं होत नाही. "आम्ही गेलो" मात्र सगळ्यांना चालतं. त्या वर्षभर ताई सोबत असण्याचा हाही एक उपयोग होता.

तपासणीत उंची, दोन्ही हात पसरून मोजलेली लांबी, छाती आणि वृषणांचं आकारमान. हे शेवटचं मोजायला ऑर्किडोमीटर वापरतात. एका दोरीत ओवलेले १ ते २५ मिलिलिटरचे अंडाकृती मणी, जपमाळेसारखे, फक्त प्रत्येक मणी आधीच्यापेक्षा मोठा. एका हाताने चाचपायचं, दुसऱ्या हाताने मणी जुळवायचा. प्रौढांत साधारण १५ ते २५ क्रमांकाचे मणी लागतात. माझ्या वेळी डॉक्टर ४ वर थांबले. पडदा ओढून घ्या आणि शिकाऊ विद्यार्थ्यांना बाहेर थांबायला सांगा, असं म्हणायचा तुम्हाला हक्क आहे. मी तसं म्हटलं आणि कुणी वाईट वाटून घेतलं नाही. लहानपणापासून सैल शर्टाखाली लपवलेली छाती त्यांनी दोन बाजूंचे दोन आकडे म्हणून वहीत लिहून घेतली. त्या कोरडेपणाने उलट बरं वाटलं.

"क्लाइनफेल्टर असावा. कॅरिओटाइप करू."

कॅरिओटाइप म्हणजे गुणसूत्रांचा फोटो. रुग्णालयाच्या यादीत नंबर दोन महिन्यांनी होता, म्हणून एका खासगी लॅबमध्ये ४,५०० रुपये भरून २३ ऑगस्टला रक्त दिलं. पंधरा दिवसांनी फोन आला, "कल्चर फेल झालंय, परत सॅम्पल द्या." का फेल झालं हे काउंटरवर कुणाला सांगता येईना. शेवटी आतल्या तंत्रज्ञ बाईंनी सांगितलं. रक्त जांभळ्या टोपणाच्या नळीत घेतलं गेलं होतं.

हे नीट समजून घ्या, कारण माझे तीन आठवडे यात गेले. हिमोग्लोबिनसाठी, सीबीसीसाठी जी जांभळ्या टोपणाची नळी वापरतात तिच्यात ईडीटीए असतं. ते रक्तातलं कॅल्शियम बांधून ठेवतं आणि पेशींना जगू देत नाही. कॅरिओटाइपला पेशी नुसत्या असून भागत नाही, त्या जिवंत लागतात आणि वाढाव्या लागतात. म्हणून हिरव्या टोपणाची, सोडियम हेपॅरिनची नळी हवी. दोन-तीन मिलिलिटर रक्त पुरतं आणि उपाशी राहायची गरज नाही. लॅबमध्ये ते रक्त साधारण ७२ तास ३७ अंशांवर वाढवतात. पेशी विभागायच्या ऐन बेतात आल्या की कोल्चिसिनसारखं रसायन घालून त्यांना तिथेच थोपवतात, मग कमी क्षाराच्या द्रावात फुगवतात आणि काचेवर टाकून रंगवतात. गुणसूत्रं फक्त त्याच क्षणी सुटी, मोजता येण्यासारखी दिसतात. नमुना फ्रिझरमध्ये गोठला तरी फुकट, कुरियरच्या डब्यात दोन-तीन दिवस तापला तरी धोका. तेव्हा रक्त घेणाऱ्याला आधी विचारा, "हिरवी नळी आहे ना?" मी दुसऱ्या वेळी विचारलं. तो मुलगा हसला, पण ट्रे परत ठेवून आत जाऊन आला.

दुसऱ्या वेळचे पैसे घेतले नाहीत. सॅम्पल १४ सप्टेंबरला दिलं, मध्ये गणपती आले, आणि रिपोर्ट ९ ऑक्टोबरला हातात पडला.

रिपोर्टवर गुणसूत्रांच्या जोड्या मांडलेल्या असतात, दाराबाहेर चपला लावून ठेवाव्यात तशा. बावीस जोड्या, आणि खाली कोपऱ्यात दोन लांब एक्स आणि त्यांच्या शेजारी आखूड वाय. निकाल एका ओळीचा : ४७,एक्सएक्सवाय, ३० पेशींत. ही पेशींची संख्या जरूर बघा. नेहमी वीसेक मोजतात. काही लोकांत काही पेशी ४६,एक्सवाय (पुरुषांत नेहमी आढळणाऱ्या) आणि काही ४७,एक्सएक्सवाय असं मिश्रण असतं, त्याला मोझेइक म्हणतात. तसा संशय असेल तर जास्त पेशी मोजायला सांगावं लागतं.

हॅरी क्लाइनफेल्टर यांनी १९४२ साली बोस्टनमध्ये या लक्षणांचं वर्णन केलं, तेव्हा कारण कुणालाच ठाऊक नव्हतं. जादा एक्स सापडला १९५९ मध्ये, एडिंबरोत, पॅट्रिशिया जेकब्स आणि जॉन स्ट्राँग यांना. मुलगा म्हणून नोंद होणाऱ्या साधारण ५०० ते १,००० जन्मांमागे एकात ही रचना असते, म्हणजे अजिबात दुर्मीळ नाही. पण बहुतेकांना आयुष्यभर पत्ता लागत नाही. ज्यांना लागतो त्यांनाही बरेचदा मूल होत नाही म्हणून तपासणी केल्यावर लागतो.

आईचा पहिला प्रश्न होता, "म्हणजे माझ्या पोटातच काही चुकलं का?" जेनेटिक काउन्सेलरने त्याचं उत्तर फार चांगलं दिलं. बीजपेशी तयार होताना गुणसूत्रांची जोडी सुटी व्हायला हवी ती होत नाही, इतकंच घडलेलं असतं. निम्म्या वेळा हे आईकडून येतं, निम्म्या वेळा वडिलांकडून. खाण्यापिण्याने, ग्रहणात काही चिरल्याने, कष्टाने ते होत नाही. आईने ग्रहणाचं विचारलं नव्हतं, पण ते ऐकून तिने पदर सारखा केला. हे उत्तर मी आईला दहा वेळा दिलं असतं तरी पटलं नसतं. काउन्सेलिंगला आईवडिलांना न्यायचं ते यासाठी. फी १,००० रुपये.

१६ ऑक्टोबरला, एका दुसऱ्या, खासगी डॉक्टरांकडे, प्रिस्क्रिप्शन मिळालं : टेस्टोस्टेरॉन अनडेकॅनोएट १,००० मिलिग्रॅमचं इंजेक्शन. भेट सात-आठ मिनिटांची. माझं नाव, वय आणि रिपोर्ट एवढ्यावर काम झालं. "आयुष्यभर घ्यायचं, पुरुषाचं हार्मोन कमी आहे ते भरून काढायचं."

इथे मला जे सांगायचंय ते सांगून टाकतो किंवा टाकते, वाचणाऱ्याने हवं ते घ्यावं. रिपोर्टवरून दोनच गोष्टी ठरतात. ग्रंथी पुरेसं हार्मोन बनवत नाहीत, आणि हार्मोनशिवाय हाडं, स्नायू, मूड, काहीच टिकत नाही. म्हणजे काहीतरी घ्यावं लागणार, हे डॉक्टर ठरवतात. कोणतं घ्यायचं हे गुणसूत्रांच्या फोटोत लिहिलेलं नसतं. ४७,एक्सएक्सवाय असलेले बहुतेक जण स्वतःला पुरुषच मानतात, टेस्टोस्टेरॉनने त्यांना तरतरी येते, दाढी येते, ते खूश असतात. काही जण स्वतःला स्त्री मानतात, काही दोन्हींपैकी काहीच नाही. हाडांना इस्ट्रोजेन, म्हणजे ज्याला बायकांचं हार्मोन म्हणतात तेही चालतं. उलट, टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्यांच्या शरीरातही त्याचा काही भाग इस्ट्रोजेनमध्ये बदलतो आणि हाडांचं बरंचसं काम तोच करतो. हाडांना चालत नाही ते एकच : दोन्ही नसणं. "मला विचार करायचाय, काहीच नको" असं म्हणून वर्षानुवर्षं नुसतं थांबून राहणं हाडांना परवडत नाही.

त्यामुळे कोणतं हवं हा प्रश्न विचारला गेला नाही तर आपण विचारायचा, आणि तो पहिल्या इंजेक्शनच्या आधी. अनडेकॅनोएटची एक अँप्यूल म्हणजे एरंडेल तेलातलं ४ मिलिलिटर औषध. ते कुल्ल्यात खोलवर, दोन मिनिटं लावून सावकाश द्यायचं असतं. घाई केली आणि तेल रक्तात गेलं तर खोकल्याची उबळ येते, दम लागतो. दुसरा डोस सहा आठवड्यांनी, पुढे दर १० ते १४ आठवड्यांनी. म्हणजे एकदा टोचलं की अडीच-तीन महिने ते शरीरात आहेच, काढून घेता येत नाही. ज्याला मनातून खात्री आहे त्याच्यासाठी हे सोयीचं. ज्याला नाही, त्याने जेल मागावं. आज लावलं, उद्या थांबवलं, दोन-चार दिवसांत पातळी खाली.

आम्ही प्रिस्क्रिप्शन घेतलं आणि इंजेक्शन न घेता परळच्या ओपीडीत परत आलो. तिथल्या डॉक्टर मॅडमनी विचारलं, "तुला कसं वाटतं स्वतःबद्दल?" उत्तर द्यायला मला वेळ लागला. त्या थांबल्या. मग म्हणाल्या, "बरं, जेलने सुरुवात करून बघायचीये का? की आधी बोलायचंय कुणाशी?" मला दोन्ही हवं होतं.

त्याआधी मुलांचा विषय. कोणतंही हार्मोन सुरू केलं की शुक्रजंतू तयार व्हायची जी काही थोडी शक्यता असते तीही दबते, म्हणून हे आधी उरकावं लागतं. वीर्यतपासणी दोनदा, प्रत्येक वेळी आधी दोन ते सात दिवस वीर्यपात टाळून. दोन्ही वेळा शून्य. एक्सएक्सवायमध्ये हे नेहमीचं. तरीही मायक्रो-टेसे नावाच्या शस्त्रक्रियेत सूक्ष्मदर्शकाखाली वृषणातून जंतू शोधतात आणि साधारण ४० ते ५० टक्के लोकांत ते सापडतात. खर्च लाखाच्या पुढे. मी नको म्हटलं. तुमचं "हो" असेल तर ते याच टप्प्यावर म्हणायचं असतं.

६ नोव्हेंबरपासून जेल. रोज सकाळी ५ ग्रॅमचं एक पाकीट, त्यात ५० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन, खांद्यांवर. महिन्याला साधारण २,००० रुपये. ताईची मुलगी तेव्हा दोन वर्षांची होती आणि सगळ्या जेलच्या पत्रकांत ठळक अक्षरांत असतं ते हेच : लहान मुलांच्या अंगाला लागू देऊ नका. लावल्यावर हात साबणाने धुवा, वाळू द्या, मग कपड्याने झाकून टाका. मुंबईच्या दमटपणात ते पाच मिनिटांत वाळत नाही, मला पंख्याखाली वीस लागायची. तेवढा वेळ भाची दाराबाहेर "मावू, उघड" करत बसायची.

दोन महिन्यांनी पातळी ४६० झाली. कागदावर सगळं उत्तम. हिमोग्लोबिन वाढलं, दुपारची मरगळ गेली, हे खरंच. पण हनुवटीवरचे केस जाड होऊ लागले आणि आरशात बघणं मी सोडून दिलं. १५ जानेवारी २०२४ ला जेल बंद केलं आणि मॅडमना तसं सांगितलं. त्यांनी केसपेपरवर लिहिलं, "टेस्टोस्टेरॉनची पातळी योग्य, रुग्णाला मानवत नाही." इतक्या कमी शब्दांत माझ्याबद्दल कुणी खरं लिहिलं नव्हतं.

फेब्रुवारी-मार्चमध्ये मानसोपचारतज्ज्ञांकडे चार भेटी झाल्या, प्रत्येकी १,५०० रुपये. एक अडचण आधीच सांगून ठेवावीशी वाटते. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या जुन्या नियमावलीत, म्हणजे २०१३ पर्यंत, शारीरिक इंटरसेक्स स्थिती (जन्मतःच शरीर पुरुष किंवा स्त्री अशा ठरीव साच्यात न बसणं) असलेल्या व्यक्तीला लिंगओळखीच्या निदानातून वगळलेलं होतं. २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत ते बदललं, आता जन्मजात लैंगिक विकासातला फरक असल्याची नोंद करून निदान देता येतं. तरी जुन्या शिक्षणाचा एखादा डॉक्टर अजून म्हणतो, "तुझं हे क्रोमोसोममुळे आहे, मनाचं काही नाही." वाद घालू नका. डब्ल्यूपॅथ या ट्रान्सजेंडर आरोग्यावरच्या संस्थेच्या उपचार-मार्गदर्शिकेच्या २०२२ च्या आठव्या आवृत्तीत इंटरसेक्स व्यक्तींसाठी स्वतंत्र प्रकरण आहे, ते छापून न्या. माझ्या डॉक्टरांनी नेमका उलटा प्रश्न विचारला होता : हे सगळं रिपोर्ट बघून सुचलं का? सुचलं नव्हतं, पण प्रश्न योग्य होता. कॅरिओटाइप हातात आल्यावर सगळं आयुष्य त्याच कागदातून वाचायचा मोह होतोच.

मानसोपचारतज्ज्ञ हार्मोन सुरू करण्यासाठी जे पत्र देतात त्यात नाव, निदान, संमती देण्याची क्षमता आणि कोणत्या उपचारासाठी पत्र दिलंय हे स्पष्ट हवं. ऑफिसच्या रजेसाठी मात्र वेगळा दाखला मागा, त्यावर नुसतं "अंतःस्रावी विकारावर उपचार चालू" एवढंच पुरतं.

८ एप्रिलला इस्ट्रोजेन सुरू. गोळ्या नकोत, जेलच, असं मॅडमनी ठरवलं, कारण एक्सएक्सवायमध्ये रक्ताच्या गुठळ्यांचा धोका मुळातच जास्त असतो. तोंडाने घेतलेलं इस्ट्रोजेन आधी यकृतातून जातं आणि गोठण्याचे घटक वाढवतं, त्वचेतून घेतलेलं ते टाळतं. घरात कुणाला पायात गाठ झाली होती का, मी सिगरेट ओढत नाही ना, हे दोनदा विचारलं. आणि एक गोष्ट फार गांभीर्याने : औषधाच्या दुकानातून गर्भनिरोधक गोळ्या आणून दोन-दोन, चार-चार घेऊ नका. त्यांतलं इथिनिल इस्ट्राडायोल गुठळ्यांच्या बाबतीत सगळ्यात वाईट. स्वस्त पडतात आणि कुणी विचारत नाही म्हणून आपल्याकडे हे सर्रास चालतं.

०.०६ टक्क्यांच्या जेलची ८० ग्रॅमची पंप-बाटली. एका दाबात सव्वा ग्रॅम जेल, म्हणजे पाऊण मिलिग्रॅम इस्ट्राडायोल (इस्ट्रोजेनचाच प्रकार). सुरुवात दोन दाबांनी, मनगटापासून खांद्यापर्यंत हातावर पातळ पसरायचं, चोळून जिरवायचं नाही. नवी बाटली उघडली की पहिले काही दाब हवेचे येतात, ते मोजू नका. टेस्टोस्टेरॉन आणखी दाबायला स्पायरोनोलॅक्टोन ५० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा. ही मुळात लघवी वाढवणारी गोळी, शरीरातलं पोटॅशियम अडवून धरते. दोन आठवड्यांनी पोटॅशियम आणि क्रिएटिनिन बघायचं, आणि मे महिन्याच्या उकाड्यात रोज दोन शहाळी प्यायची माझी सवय मोडावी लागली. मीठ कमी करायचं म्हणून पोटॅशियमवालं "लो सोडियम" मीठ घरात आणलं असेल तर तेही बंद.

जुलैमध्ये तीन महिन्यांची तपासणी झाली आणि इस्ट्राडायोल आलं १,१४० पिकोग्रॅम. हवं असतं १०० ते २०० च्या दरम्यान. रिपोर्ट फोनवर बघून हातपाय गळाले. रात्रभर पोटऱ्या चाचपून बघितल्या. सकाळी मॅडमचा पहिला प्रश्न, "जेल कुठल्या हाताला लावलंस?" डाव्या. रक्त कुठल्या हातातून? डाव्या. सुई त्वचेतून जाताना तिथलं जेल नळीत गेलं होतं. आठवड्याने, दोन दिवस फक्त मांडीला जेल लावून, पुन्हा तपासलं : ५८. म्हणजे प्रत्यक्षात कमीच पडत होतं आणि पहिल्या रिपोर्टवर भरवसा ठेवला असता तर मात्रा आणखी घटवली गेली असती. डोस चार दाबांवर नेला. बाटली ३२ दिवसांवरून १६ वर आली आणि महिन्याचा खर्च साधारण १,६०० झाला.

रिपोर्टमधल्या ठळक अक्षरांकडे आणि चांदण्यांकडे दुर्लक्ष करायला शिका. लॅबच्या फॉर्मवर पुरुष लिहिलं तर इस्ट्राडायोल "जास्त" येतं, स्त्री लिहिलं तर हिमोग्लोबिनचा पट्टा बदलतो. आकडा बघायचा आणि तो कुणाच्या मर्यादेशी ताडायचा हे डॉक्टरांकडून लिहून घ्यायचं.

काय होतं, काय होत नाही? तीन ते सहा महिन्यांत छातीत दुखरी गाठ, त्वचा मऊ, घामाचा वास बदलतो. छातीची वाढ दोन-तीन वर्षं चालू राहते. आवाज बदलत नाही, त्याला स्पीच थेरपी लागते. आलेली दाढी जात नाही, त्याला लेझर. एक्सएक्सवायमध्ये स्तनाच्या कर्करोगाचा धोका इतर पुरुषांपेक्षा जास्त असतोच, त्यामुळे महिन्यातून एकदा अंघोळीच्या वेळी छाती चाचपायची सवय लावून घेतली.

कागदपत्रांचं थोडक्यात. २०१९ च्या ट्रान्सजेंडर व्यक्ती कायद्यात गुणसूत्रांतला फरक असलेली व्यक्तीही येते, पण अर्ज करायचा की नाही हे आपल्या मनावर. मी सप्टेंबर २०२४ मध्ये केला. राष्ट्रीय पोर्टलवर अर्ज, फोटो, आधार आणि नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र. नोटरीचे ३०० रुपये, अर्जाला फी नाही. २०२० च्या नियमांनुसार तेव्हा वैद्यकीय तपासणीची गरज नव्हती, कॅरिओटाइप जोडायचीही नव्हती, मी जोडली नाही. अर्ज करायच्या दिवशी पोर्टलवरचे नियम पुन्हा वाचा, ते बदलू शकतात. मुंबईत जिल्हे दोन : शहराचं जिल्हाधिकारी कार्यालय फोर्टला जुन्या जकात घरात, उपनगरचं वांद्रे पूर्वेला. पत्त्यावरचा पिनकोड ज्या जिल्ह्याचा, तोच निवडायचा. प्रमाणपत्र तीस दिवसांच्या मुदतीत आलं.

मे २०२५ मध्ये पुन्हा डेक्सा, जमेल तर त्याच केंद्रात आणि त्याच यंत्रावर, कारण दोन यंत्रांचे आकडे एकमेकांशी ताडता येत नाहीत. फॉर्मवर लिंगाचा रकाना आला तेव्हा तंत्रज्ञाला मी विचारलं, दोन्ही तुलना छापून मिळतील का? त्याने एकदा माझ्याकडे आणि एकदा ताईकडे बघितलं आणि म्हणाला, "स्कॅन एकच आहे, प्रिंट दोन काढायचे. काढतो." पुरुषांच्या सरासरीशी झेड-स्कोअर उणे १.९, स्त्रियांच्या सरासरीशी त्याहून थोडा बरा. मॅडमनी दोन्ही कागद फाइलला लावले, कॅल्शियम चालू ठेवायला सांगितलं आणि पुढची तारीख मे २०२७ ची लिहिली. जूनचं इस्ट्राडायोल ११८ आलं, टेस्टोस्टेरॉन ४१. रक्त उजव्या हातातून.